मातीचा किल्ला आणि आजोबांची शरणागती

चि. ईरा आणि चि. ओम,

शनिवारी सकाळी सातला आम्ही मेधाआत्याच्या पार्सिपनीच्या घरून निघालो. गुडघ्यांच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी सह्याद्रीचे गड बंद केले, तेव्हापासून तुमचे आजोबा नुसते घरात येरझारा घालत होते. म्हणून मेधाआत्याने पेनसिल्व्हेनियात एक किल्ला शोधला. मी काठी, टोपी, दोन लिटर पाणी, दशम्या आणि चटणी घेतली.

दोन तासांनी मक्याच्या शेतात गवताळ ढिगारा दिसला. आपल्या सोसायटीच्या दुसऱ्या मजल्याइतका उंच.

"हा?" आजोबा म्हणाले.

"बाबा, रिव्ह्यूज चांगले होते."

फलकावर सगळी माहिती होती. हजारेक वर्षांपूर्वी इंग्लंड जिंकणारे नॉर्मन लोक तिथे असे किल्ले रचत: मॉट (मातीची टेकडी), वर लाकडी मनोरा, खाली बेली (कुंपण घातलेलं अंगण). लाकूड केव्हाच कुजलं. टेकड्यांवर आता मेंढ्या चरतात. त्यांतलीच एक तिथे जाऊन पावलांनी मोजून वॉल्टर नावाच्या निवृत्त शिक्षकांनी ही इथे उभारली होती. शेवटी ठळक अक्षरांत सूचना: किल्ला लढूनच घ्यावा.

आजोबांनी फलक वाचलाच नाही. सवयीप्रमाणे बूट काढले, वाकून पायथ्याची माती कपाळाला लावली.

वर घंटा वाजली. लोखंडी टोप घातलेले वॉल्टर ओरडले, "शरणागती मान्य! आता अंगणात बसा. शरण आलेल्यांना वर प्रवेश नाही."

"शरण कोण आलंय? गडाच्या पाया पडलो मी!"

मेधाने ते इंग्रजीत सांगितलं. वॉल्टर चक्रावले. "शत्रूच्या किल्ल्याच्या पाया कोण पडतं?"

प्रश्न रास्त होता. पण आजोबा बूट हातात घेऊन गाडीकडे वळले. "चल मेधा, घरी." आवाज अगदी बारीक. आज परतले तर हे पुन्हा कुठे निघायचे नाहीत, हे मला दिसलं.

"अहो, बूट घाला. आणि गाडीपासून पुन्हा या, चढाई करत."

"सत्तरी उलटलेला माणूस मी..."

"म्हणूनच पायऱ्यांचा कठडा धरा."

ते आले. एका हाताने काठी उगारून, आरोळी ठोकत. वॉल्टर वरून स्पंजचे गोळे मारत होते, आणि मध्येच, "जपून हं सर, पुढची पायरी निसरडी आहे!" बत्तिसाव्या पायरीवर किल्ला पडला.

वरून मका, हायवे आणि रांगेत उभ्या पिवळ्या स्कूल बस दिसल्या. गडावर पाण्याचं टाकं हवंच, हे आजोबांनी बजावलं. वॉल्टरनी लगेच लिहून घेतलं. मग चौघांनी दशम्या खाल्ल्या.

एवढ्याशा टेकडीसाठी केवढी तयारी केली, असं सकाळी मला वाटलं होतं. परतताना मी मागच्या सीटवर बसून आजोबांकडे बघत होते, आणि ती तयारी मुळीच जास्त वाटत नव्हती.

ते मेधाला म्हणत होते, "बघ ना, याहून जरा उंच कुठे आहे का?"

— तुमची आजी