मेघनाची चूक शोधताना

"सर, तुमचे आकडे मोठे आहेत, हे खरंच आहे. पण तुमचेच हॅमस्टर आजारी पडले."

मेघना हे भर मीटिंगमध्ये बोलली. लसींच्या लॅबमध्ये मी एकतीस वर्षं काढलेली, तिला जॉईन होऊन जेमतेम दीड वर्ष झालेलं. टेबलापलीकडे आमच्या रिसर्च हेड पटवर्धन मॅडम बसल्या होत्या. त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी चहाचा घोट घेतला.

श्वसनाचा आजार करणाऱ्या एका विषाणूवर आमच्याकडे दोन लसी तयार होत्या. एक माझी, सात वर्षं खपून केलेली. दुसरी मेघनाची. दोन्हींत विषाणूच्या अंगावरचं एकच प्रोटीन होतं, फरक आकाराचा होता. हे प्रोटीन आधी मिटलेलं असतं आणि विषाणू पेशीत शिरताना उलगडतं. माझ्या लसीत ते उलगडलेलं होतं, कारण तसं ते टिकतं आणि भरपूर तयार करता येतं. मेघनानं ते मिटलेल्या आकारातच पक्कं करून ठेवलं होतं. दोन्हींतली एकच लस माणसांवरच्या ट्रायलला जाणार होती. मला रिटायर व्हायला चौदा महिने उरले होते, म्हणजे माझ्यासाठी हीच शेवटची.

माझा सगळा भरवसा टायटरवर. टायटर म्हणजे लशीनंतर रक्तात किती अँटिबॉडी तयार झाल्या त्याचं माप. माझ्या लशीचा टायटर तिच्या कितीतरी पट होता. पण प्रत्येक लस हॅमस्टरच्या, म्हणजे उंदरासारख्या प्राण्यांच्या, एकेका गटाला टोचून मग विषाणू दिल्यावर माझ्या गटातले बरेच मलूल पडले. तिचे टुणटुणीत राहिले.

"गट लहान आहे. योगायोग असू शकतो," मी म्हणालो.

"योगायोग नाही सर. मी विषाणूला अडवणाऱ्या अँटिबॉडी वेगळ्या मोजून राहिली आहे. कोण वाचलं ते त्यांच्याशी जुळते, टायटरशी नाही."

ती वर्ध्याची. मी पुण्याचा, त्यामुळे मनातल्या मनात तिचं मराठी दुरुस्त करायचो. त्या दिवशी दुरुस्त करण्यासारखं तेवढंच सापडलं.

तिचं म्हणणं सोपं होतं. अँटिबॉडी विषाणूला चिकटली म्हणजे तिनं त्याला अडवलं असं नाही. दाराभोवती वीस माणसं उभी असून उपयोग नसतो, कडी लावणारा एक लागतो. विषाणू पेशीबाहेर असतो तेव्हा प्रोटीन मिटलेलं असतं, म्हणून तोच आकार ओळखणारी अँटिबॉडी कडी लावते. म्हणून आधी शोधायचं की शरीर नेमकं कशानं वाचतं, आणि मग लस अशी रचायची की तेच तयार व्हावं. शरीर ज्यानं वाचतं, त्याला आमच्या धंद्यात संरक्षणाची खूण म्हणतात. मी भलतीच खूण धरून सात वर्षं घालवली, असा त्याचा सरळ अर्थ होता.

खरं सांगतो, मला तिचा हेवा वाटला. साधासुधा नाही, जळफळाट व्हावा तसा. मॅडम पूर्वी माझं नाव घेऊन "सोमणांना विचारा" म्हणायच्या, आता "मेघनाला विचारा" म्हणायला लागल्या होत्या, ते मला खुपायचं. तिला चष्मा नव्हता, तेही खुपायचं. सगळ्यात जास्त खुपायचं ते हे की कल्पना इतकी साधी होती आणि मला सुचली नव्हती. मार्केट यार्डाच्या सिग्नलला थांबलो की मी तिच्या प्रयोगातल्या उणिवा पाठ करायचो. एकदा मागचे हॉर्न वाजवून दमले, तेव्हा सिग्नल सुटल्याचं कळलं.

"आज चौथ्यांदा मेघना," घरी बायको म्हणाली. "आता जेवा."

पुढच्या मीटिंगला मी ठरवूनच गेलो. "तिची टेस्ट मी स्वतः पुन्हा करतो. कोड लावून."

कोड लावणं ही आमच्याकडची जुनी रीत. क्वालिटीचे शिंदे प्रत्येक नमुन्याला नुसता नंबर देतात. कुठला नंबर कुठल्या लशीचा, ही यादी पाकिटात सीलबंद होऊन त्यांच्या कपाटात जाते. मोजणाऱ्याला आपलं-परकं कळत नाही.

"आणि पाकीट सगळ्यांसमोर उघडायचं," मी अट घातली.

"तुमची अट म्हणून लिहून ठेवते," मॅडम म्हणाल्या.

टेस्ट अशी असते. प्लेटमध्ये जिवंत पेशींचा पातळ थर असतो. लस दिलेल्या हॅमस्टरचं सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणारं पाणी, आणि विषाणू एकत्र करून त्यावर सोडायचे. सीरमनं विषाणू अडवला तर थर शाबूत राहतो. नाही अडवला तर पेशी मरून बारीक गोल भोकं पडतात. प्लेट उजेडाकडे धरून, पेनानं खुणा करत ती भोकं मोजायची. कमी भोकं म्हणजे चांगली लस.

तीन आठवडे मी मोजत होतो. सोबत तिच्या वह्या तपासत होतो. तिच्या पेशी किती जुन्या, विषाणू कुठल्या बॅचचा, इनक्युबेटर मधेच कधी उघडला, सगळं. एका लेबलवर तारीख चुकलेली सापडली, तेव्हा मला इतका आनंद झाला की मी कँटीनला जाऊन वडा खाल्ला. त्या तारखेनं निकालात काहीच फरक पडत नव्हता.

प्लेट्स मात्र बोलायला लागल्या. काहींची चाळणी झालेली, काही जवळजवळ स्वच्छ. स्वच्छ प्लेट्स माझ्या, हे मी धरूनच चाललो. टायटर एवढा मोठा म्हटल्यावर दुसरं काय असणार? मी मोजताना गुणगुणायला लागलो.

कॉरिडॉरमध्ये मेघना भेटली. "सर, माझं काम आजवर कोणी इतकं बारकाईनं पाह्यलं नव्हतं. थँक यू."

मी नुसतं हं म्हणालो. ती टोमणा मारत असती तर बरं वाटलं असतं.

पाकीट शुक्रवारी उघडलं. माझ्या अटीप्रमाणे पंधरा जण हजर. शिंद्यांनी यादी वाचायला घेतली आणि मी शेजारी माझे आकडे घेऊन बसलो. चौथ्या नंबरला मला कळलं. स्वच्छ प्लेट्स मेघनाच्या होत्या. चाळणी माझी. शिंद्यांनी यादी शेवटपर्यंत वाचली, कारण ते शिंदे.

मॅडमनी चष्मा काढला. "मेघनानं दोन महिन्यांपूर्वी हेच सांगितलं होतं. पण आता सोमणांनी मोजलंय म्हटल्यावर प्रश्न मिटला. मी सही करते."

"म्हणजे मॅडम," मेघना म्हणाली. "मी मोजलेली भोकं भोकं नव्हती?"

मॅडम कागद सरळ करत बसल्या. शेवटी मलाच बोलावं लागलं.

"होती. मी तेवढीच मोजली. रिपोर्टवर पहिलं नाव तिचं घाला."

हे मोठ्या मनानं बोललो असं कोणी समजू नये. त्या क्षणीही मला तिचा हेवाच वाटत होता. एकतीस वर्षांत वरिष्ठांना असा प्रश्न विचारायची माझी छाती झाली नव्हती.

तिची लस ट्रायलला गेली. माझ्या लशीच्या कुप्या डीप फ्रीझरच्या खालच्या कप्प्यात आहेत. हेवाही आहे, पण आता थोडा थंड.

तात्पर्य एवढंच. दुसऱ्याची चूक काढायची हौस असेल, तर ती वरवर काढावी. मी खोलात शिरलो, आणि माझी सापडली.