चौथा चेंडू

मला राग लवकर येतो, हे आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. तीस वर्षं वसईतल्या एका कॉलेजात मी खेळाची शिक्षिका होते. माझी शिट्टी आणि माझी जीभ, दोन्ही लांबवर ऐकू जायच्या. गेल्या वर्षी एका रविवारी जेवायला बोलावलेल्या पाहुणीला मी निर्मळ गावातल्या आमच्या घराच्या ओटीवर बसवून चांगलं फैलावर घेतलं. बिचारीचं जेवण अजून पचलंही नव्हतं. तरी आज ती बाई आठवली की मी मनोमन तिचे आभार मानते.

ती मुंबईतल्या एका व्यावसायिक बास्केटबॉल संघाची प्रशिक्षक. मुलींची लीग नव्यानेच सुरू होत होती आणि संघांनी आळीपाळीने खेळाडू निवडायचे होते. त्याला ड्राफ्ट म्हणतात. ज्याची पाळी, त्याने एक नाव घ्यायचं, मग ती मुलगी त्याची. या बाईच्या मनात बाकीची नावं पक्की होती, शेवटच्या एका जागेसाठी तिच्या यादीत दोन नावं उरली होती. एक नागपूरची मुलगी आणि एक आमची, पाचूबंदरच्या कोळीवाड्यातली. गुरुवारी ड्राफ्ट होता. आमच्या मुलीला मीच शिकवलं म्हणून ती मला विचारायला आली होती.

आमची मुलगी म्हणजे कॉलेजचा हुकमी एक्का. सहा फुटांना दोन बोटं कमी. आई मासे विकते, वडील बोटीवर. दहा वर्षांची असताना ती वसईतल्या चर्चच्या मैदानावर माझ्या रविवारच्या वर्गाला येऊ लागली आणि पुढे माझ्याच कॉलेजात आली. मी निवृत्त झाले तरी तिचे सामने चुकवले नाहीत. महिनाभरात तिचं शेवटचं वर्ष संपणार होतं. कॉलेज संपलं की आमच्या मुलींचा खेळही संपतो, हे मी तीस वर्षं बघत आलेय. कुणी बँकेत लागते, कुणाचं लग्न होतं, आणि बूट माळ्यावर जातात. या मुलीचे बूट माळ्यावर जाऊ नयेत, एवढीच माझी इच्छा होती.

"उंची आहे, उडी आहे, हात तर काय सुरेख आहे," पाहुणी म्हणाली. "पण तिला भूक नाही हो."

"भूक नाही म्हणजे?"

"रंगात येते आणि थांबते. ऐन वेळी चेंडू दुसरीच्या हातात देऊन मोकळी होते. आमच्याकडे असं चालत नाही."

झालं, मी सुटले. तुम्हाला स्वतःपुरतं बघणाऱ्या मुली हव्यात, आमच्याकडे तसं शिकवत नाहीत, चेंडू देणं हा दोष कधीपासून झाला, एकटीनेच खेळायचं तर पाच जणी कशाला हव्यात, असं जे तोंडाला येईल ते मी बोलत गेले. तिने आमच्या बागेतलं केळं सोलून शांतपणे खाल्लं, साल नीट ताटलीत ठेवली आणि मोबाइलवर एका सामन्याचा व्हिडिओ लावून माझ्यासमोर धरला.

"ताई, रागावू नका. हे एकदा बघा. चेंडू देणारी मुलगी आधी बघते, कोण मोकळं आहे. ही बघत नाही. ही मोजते. तिचे ओठ बघा."

मी चष्मा लावला. पहिली बास्केट झाली, ओठ हलले. दुसरी झाली, हलले. तिसरीलाही हलले. चौथ्या वेळी ती रिंगखाली एकटी होती, जवळ चिटपाखरू नव्हतं. तिथून तिने पाठ फिरवली आणि चेंडू पार दुसऱ्या टोकाच्या मुलीला दिला, जिला सामनाभर एकही बास्केट जमली नव्हती.

"मी तिचे सगळे सामने मागवून बघितले," पाहुणी म्हणाली. "लागोपाठ तीन करते आणि मग हे. चौथा चेंडू टाकतच नाही. का, ते मला कळत नाही."

मला मात्र कळलं.

चर्चच्या मैदानावर एकच कोर्ट आणि एकच धड रिंग. रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, सुटली की तीस-पस्तीस मुलं धावत येणार. जी उंच, जी दांडगी, तीच खेळणार आणि बाकीची कडेला उभी राहून घरी जाणार. कितीदा ओरडले, उपयोग झाला नाही. मग मी एक नियम केला. कुणीही लागोपाठ तीन बास्केट केल्या की चौथा चेंडू त्याचा नाही. तो ज्याला एकही जमली नाही त्याला द्यायचा. दुसऱ्या कुणी बास्केट केली की मोजणी पुन्हा एकपासून. जो मोडेल त्याने तो रविवार बाहेर बसायचं. मुलं त्याला टीचरचा कायदा म्हणायची. फादरांनी एकदा प्रवचनात त्या नियमाचं कौतुक केलं, तेव्हा मी आठवडाभर ताठ मानेने फिरत होते.

तो नियम लहान मुलांच्या रविवारच्या खेळासाठी होता. कॉलेजच्या संघात आल्यावर मी तो तिला कधी लावला नाही. पण तो संपला, असंही कधी सांगितलं नाही. मला वाटलं, मोठ्या झाल्या की मुली असलं आपोआप विसरतात. माझा नियम विसरायची कुणाची हिंमत होती! उलट सामन्यात तिने चेंडू दुसरीला दिला की मीच बाकावरून टाळ्या वाजवायचे.

पाहुणीने पर्स उचलली. "वाईट वाटतं, पण मी नागपूरच्याच मुलीचं नाव कळवते."

खरं सांगते, तिला तसंच जाऊ द्यावं असं क्षणभर वाटलं. निवृत्तीच्या दिवशी मिळालेली शाल, ते कौतुक, सगळं डोळ्यांपुढे आलं. इतकी वर्षं ज्या नियमाचा मान मिरवला, त्यानेच एका गुणी मुलीचे हात बांधले, हे परक्या बाईसमोर कबूल करायचं म्हणजे मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण माझी अब्रू राखायला मुलीचं नुकसान करायचं, हे काही मला जमलं नसतं.

"बसा," मी म्हटलं. "दोष तिचा नाही. माझा आहे." आणि सगळं सांगितलं.

ती हसेल असं वाटलं होतं. ती हसली नाही. एवढंच म्हणाली, "मग ते सुटेल का?"

"माहीत नाही."

"संध्याकाळपर्यंत मी आहे. चला, बघू."

माझ्या स्कूटरवर मागे ती सहा फुटी बाई बसली. गुडघे कुठे ठेवावेत, तिला कळेना. निर्मळ ते पाचूबंदर, सगळा रस्ता लोक आमच्याकडे बघत होते. एरवी मी कुणाला तरी दोन शब्द सुनावले असते, पण त्या दिवशी मी नुसती स्कूटर पळवली.

मुलगी आईबरोबर बांबूवर वाळत घातलेले बोंबील उलटत होती. आम्हाला बघून दोघी थांबल्या. मी आईला सगळं सांगितलं, काही न लपवता. तिने पदराला हात पुसले.

"म्हंजे टीचर, माजी पोर अडली ती तुमच्यामुलं?"

"हो."

तिने मला शिव्या दिल्या असत्या तरी मी खाली मान घालून ऐकल्या असत्या.

"मग तुमीच सोडवा तिला," ती म्हणाली. "जा गो, बूट घाल. बोंबील मी बगते."

चर्चच्या मैदानावर दहा-बारा मुलं खेळत होती. त्यांना बाजूला बसवलं आणि मुलीला सगळ्यांदेखत सांगितलं, की माझा तो नियम तुझ्यापुरता आजपासून रद्द. आनंद होईल असं मला वाटलं होतं. तिने कपाळाला आठ्या घातल्या.

"मग बाकीच्यांचं काय, टीचर?"

मी म्हटलं, "आधी खेळ."

पाहुणी स्वतः तिला अडवायला उभी राहिली. पूर्वी रेल्वेकडून खेळलेली बाई, वय झालं तरी पाय चपळ होते. मुलगी तिला डावीकडे-उजवीकडे चकवत गेली. एक. दोन. तीन. मग चेंडू हातात घेऊन रिंगखाली उभी राहिली आणि हलेना.

"टाक!" मी ओरडले. "मी सांगतेय ना, टाक!"

तिने हात वर नेले आणि खाली आणले. पुन्हा नेले, पुन्हा आणले. तिचे डोळे भरून आले.

"नाय होत, टीचर."

बारा वर्षांत या मुलीच्या तोंडून मी हे कधी ऐकलं नव्हतं. ओरडून लावलेली गोष्ट ओरडून निघत नाही, हे मला या वयात उमगलं. मी चपला काढल्या आणि दुखऱ्या गुडघ्यानिशी कोर्टात गेले.

"हा चेंडू कुणाचा?"

"दुसऱ्याचा."

"ज्याला एकही बास्केट जमली नाही त्याचा ना? मग माझा. इतक्या वर्षांत मी इथे एकही केली नाही. दे इकडे."

तिने मुकाट्याने चेंडू माझ्या हातात दिला. मी तो पोटाशी धरून जरा उभी राहिले.

"आता माझ्या चेंडूचं काय करायचं, ते माझं मी ठरवणार. मला तो तुला द्यायचाय. घे."

ती वळली आणि चेंडू रिंगमध्ये टाकला. जाळीचा आवाज आला तशी बसलेली मुलं ओरडत उठली. त्यातली सगळ्यांत लहान, पुढचे दात पडलेली एक मुलगी धावत कोर्टात आली. "मला पण एकही नाही जमली. माझा पण चेंडू ताईलाच!" मग काय, सगळी रांगेत उभी राहिली. एकेकजण चेंडू हातात घ्यायचा, तिला द्यायचा, आणि ती टाकायची. पाहुणी मध्ये उड्या मारून अडवत होती, काही चेंडू हुकतही होते. हळूहळू रांग मोडली. ती स्वतःच चेंडू उचलू लागली, हिसकावू लागली, पाहुणीला खांद्याने रेटून टाकू लागली. मी तिच्या ओठांकडे बघत होते. ते हलत नव्हते.

पाहुणी घामाघूम होऊन कडेला बसली, पाणी प्यायली आणि मला म्हणाली, "ताई, भुकेचं मी चुकीचं बोलले." बाकी काही नाही. गुरुवारी दुपारी तिचाच फोन आला. शेवटच्या पाळीला तिने आमच्या मुलीचं नाव घेतलं होतं. त्या बाईला शहाणपण दाखवून निघून जाता आलं असतं. ती थांबली, तिने माझं ऐकून घेतलं आणि त्या उन्हात मुलांबरोबर खेळली. हे उपकार मी विसरणार नाही.

मुंबईला शिबिराला जायच्या आदल्या दिवशी मुलगी आमच्या घरी आली. आईने दिलेले सुके बोंबील तिने ओटीवर ठेवले आणि पाया पडायला वाकली. मी तिला मध्येच धरलं. त्या रविवारपासून मनात घोळवलेलं वाक्य अखेर तोंडातून बाहेर पडलं.

"पोरी, मला माफ कर. माझ्या नियमाने तुझी इतकी वर्षं खाल्ली."

"असं काय बोलता, टीचर?" ती म्हणाली. "तुमाला आठवत नाय?"

"काय?"

"मी पैल्यांदा मैदानावर आले तेवा मला कोनी खेळायला घेत नव्हतं. हिच्या अंगाला मासळीचा वास येतो, म्हनायचे. किती रविवार मी नुसती भिंतीला टेकून उभी राहायची नि घरी जायची. आईला सांगायची, खूप खेळले. मग एकदा एका मोठ्या मुलीच्या तीन झाल्या. तुमी शिट्टी मारलीत नि तिला सांगितलंत, तो चेंडू भिंतीपाशी उभी आहे त्या मुलीला दे. तिला द्यायचा नव्हता, पन द्यायला लागला. तो मी हातात घेतलेला पैला चेंडू. तुमचा कायदा नसता ना, तर मी पुढच्या रविवारी येनारच नव्हते."

मला खरंच यातलं काही आठवत नव्हतं. मी तिला जवळ घेतलं. माझं डोकं जेमतेम तिच्या खांद्याला लागत होतं.