सिद्रामप्पाचा खालचा ओठ

सिद्रामप्पा आमच्या घरामागच्या दोन खोल्यांत राहायचा. शुक्रवार पेठेत त्याला न ओळखणारं माणूस विरळाच, आणि याचं कारण त्याचा आवाज. गिरणीच्या माग खात्यात काम करणारी माणसं सगळीच मोठ्यानं बोलतात. मागांच्या खडखडाटात शेजारच्याला ऐकू जावं म्हणून ओरडायची सवय लागते आणि ती घरी आल्यावरही सुटत नाही. पण सिद्रामप्पानं शेजारी मीठ मागितलं तरी कुठं आग लागली आहे असं वाटे. माणूस मात्र फार मऊ. उंच, खांद्यात किंचित वाकलेला, कपाळावर विभूती, गळ्यात लिंग, आणि भुवयांवर कायम कापसाची पांढरी भुकटी. मी तेव्हा नुकताच शाळेत शिकवायला लागलो होतो. तो वयानं माझ्याहून बराच मोठा, तरी मला ‘अहो मास्तर’ म्हणे आणि माझ्या पत्नीला, दुर्गेला, ‘वैनी’.

त्याची बायको गौरम्मा. अक्कलकोटाकडची, कमी बोलणारी. नवऱ्याशी कधी कानडीत, कधी मराठीत बोलायची आणि आमच्याशी मराठीत. त्यांना मूल नव्हतं. त्यामुळे असेल, पण दोघांचं एकमेकांकडे लक्ष फार.

ही हकिगत एकोणीसशे सव्वीस-सत्तावीसच्या हिवाळ्यातली. ती कळायला मागावरचं एक काम आधी सांगावं लागेल. कापडात आडवा धागा नेणारा जो लाकडी धोटा असतो, त्याच्या पोटात सुताची कांडी बसवतात. सुताचं टोक धोट्याच्या बाजूच्या बारीक भोकातून बाहेर काढावं लागतं. ते बोटानं निघत नाही. धोटा तोंडाला लावून श्वास जोरात आत ओढायचा, की टोक ओठावर येतं. कांडी संपली की दुसरी, आणि पुन्हा तेच. दोन माग सांभाळणारा माणूस दिवसभर धोट्याला तोंड लावत असतो. सूत, रंग, भुकटी, सगळं ओठांवरून जातं. दुसऱ्याच्या धोट्याला तोंड लावणं म्हणजे त्याचं उष्टं घेणं, असं खात्यात मानत. हेच उष्ट्याचं कारण सांगून काही जातींच्या माणसांना त्या खात्यात पाऊल ठेवू देत नसत, हेही इथं सांगितलं पाहिजे.

थंडीत मागवाल्यांचे ओठ फुटायचे आणि थंडी सरली की भरून यायचे. त्या वर्षी सिद्रामप्पाच्या खालच्या ओठाच्या मधोमध एक भेग पडली, ती मिटेना. हसला की रक्त. भाकरीचा कोरडा तुकडा लागला की रक्त. पुढे पुढे तो भाकरी आमटीत पार भिजवून, मान वर करून, चिमणीच्या पिलासारखा खाऊ लागला.

संध्याकाळी गौरम्मा वाटी घेऊन दुर्गेकडे यायची. आमच्याकडे ताक रोज व्हायचं, त्यातला लोण्याचा गोळा दुर्गा तिच्यासाठी काढून ठेवी.

“वैनी, ह्यो माणूस झोपंत ओठ चाटतोय बगा,” एकदा ती म्हणाली. “लोणी लावलं की चाटतोय. परत लावलं की परत चाटतोय. मांजर पाळल्यावानी झालंय.”

“मग जिभेला बांध,” दुर्गा हसून म्हणाली.

“बांदली असती की. पर नाक चोंदलंय त्याचं, गिरणीतल्या कापसानं. तोंड उगडं टाकून झोपतोय. तोंडातनं वारं जातंय आन् ओठ पापडावानी वाळत्यात.”

मग तिनं आपली एक रीत बसवली. आधी कोमट पाण्यात भिजवलेली जुन्या धोतराची चिंधी ओठावर धरायची. कातडी मऊ झाली की वर लोण्याचा जाड थर. मग उशाशी बसून राहायचं. जीभ बाहेर आली की बोटानं हळूच परत सारायची आणि पुसलेल्या जागी पुन्हा लोणी द्यायचं. खोलीत हवा कोरडी होऊ नये म्हणून निखाऱ्यांवर पाण्याचं भांडं ठेवायची. मध्येच त्याचं बोलणं ऐकू यायचं, कारण सिद्रामप्पाची कुजबुजही भिंतीपलीकडे येई. “झोप की गं आता,” तो म्हणे. त्यावर तिचं हळू आवाजातलं “सुम्म कुंद्री,” म्हणजे गप्प राहा.

रात्रभरात भेगेवर पातळ साय धरल्यासारखी कातडी यायची. आणि पहाटे भोंगा होण्याआधी गौरम्मा स्वतःच्या हातानं ती घासून काढायची. हे मी मागच्या अंगणात पाहिलं आहे. सिद्रामप्पा पायरीवर बसलेला, मान वर, डोळे मिटलेले. आणि ती बोटावर डाळीचं पीठ घेऊन त्याचा ओठ चोळते आहे. कारण लोण्याचा अंश ओठावर राहिला तर तो धाग्याला लागणार, आणि कापडात तेलकट ठिपका उठणार. पीठ खारट नसतं, पण उघड्या भेगेला सगळंच झोंबतं. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायचं.

“दुखलं का?” ती विचारी.

“न्हाई गं,” तो साऱ्या पेठेला ऐकू जाईल असं सांगे.

मी त्याला एका डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर भले होते. त्यांनी ओठ पाहिला, पांढऱ्या मलमाची डबी दिली आणि सांगितलं की ओठाला पूर्ण विश्रांती द्या, काही दिवसांत भरेल. सिद्रामप्पानं मान हलवली. बाहेर आल्यावर मला म्हणाला, “डाक्टर बरोबर बोलतोय की. पर मास्तर, ओठाला इश्रांती आन् मागाला काम, असं कसं करायचं?”

कामावर न गेलं, तर त्या दिवशी माग बदलीवाल्याकडे जातो. दाराशी उभी असलेली ती तरुण पोरं वाटच पाहत असतात. चार दिवस माग त्यांच्या हाताखाली गेला की जॉबर, म्हणजे खात्यावरचा मुकादम, म्हणतो, चाललंय ते चालू दे. सिद्रामप्पाचे ते दोन माग त्याच्या बापानंतर त्याला मिळालेले. त्यांच्याबद्दल तो बैलजोडीबद्दल बोलावं तसं बोले. एक शहाणा आणि एक द्वाड.

मलमानं रात्री खरंच गुण आला. पण ते लोण्यापेक्षा चिवट. पिठानं गेलं असं गौरम्माला वाटलं, आणि ते गेलेलं नव्हतं. मागावर विणल्या जाणाऱ्या धोतराच्या पांढऱ्या पानावर ओळीनं ठिपके उठले. जॉबरनं सिद्रामप्पाला बाजूला घेतलं. पुन्हा डाग दिसला तर, मग तो तेलाचा असो की रक्ताचा, माग काढून घेईन म्हणाला. शेजारच्या मागावरच्या तिप्पण्णानं मन मोठं केलं आणि उष्ट्याचा विचार न करता एक-दोन दिवस सिद्रामप्पाचे धोटे ओढून दिले. पण इकडे यायचं तर त्याचे स्वतःचे माग उभे राहात. त्यानंही हात जोडले.

आता आशा होती ती गड्ड्याच्या जत्रेची. संक्रांतीला सिद्धेश्वराची जत्रा, गिरणीला सुटी, आणि त्या वर्षी सुटीला लागून रविवार आलेला. तेवढे दिवस धोटा तोंडाला लागणार नव्हता. पीठ चोळायचं नव्हतं. गौरम्मानं ठरवलं की या दिवसांत ओठ भरून काढायचा. आणि ओठ हलू नये म्हणून तिनं नवऱ्याला मौन धरायला लावलं.

पेठेत ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. केराबाई नावाची एक रांडाव बाई समोर राहायची, गिरणीच्या सूत गुंडाळायच्या रिळिंग खात्यात कामाला, तोंडानं फाटकी. ती दारात उभी राहून म्हणाली, “गौरम्मा, नवऱ्याला मुका केलास व्हय गं? कसं जमवलंस ते सांग की. माजा होता तवा मला न्हाई जमलं.”

सिद्रामप्पा ओट्यावर बसून हातवारे करत होता. त्याचे हातवारेसुद्धा मोठ्या आवाजाचे. गूळ हवा असेल तर हवेत ढेपेएवढा गोल काढायचा.

“अवो, खडाच पायजे ना?” गौरम्मा म्हणे. “मग दुकान कशाला दावताय?”

ओठ भरत होता. रोज सकाळी ती त्याला उजेडात बसवून बघे आणि मग दुर्गेला बोलावून दाखवी. भेगेच्या दोन्ही काठांनी गुलाबी कातडी आली, मग मध्ये ती जुळली. “आणखी दोन रात्री मिळाल्या तर घट्ट होईल,” दुर्गा म्हणाली. दोन रात्रीच उरल्या होत्या.

शेवटच्या दिवशी संध्याकाळी नंदीध्वज निघायचे होते. सिद्रामप्पाच्या घरात ध्वज पेलायची सेवा बापापासून चालत आलेली. उंचच उंच काठी कमरेच्या पट्ट्यात धरून चालायचं, दर वर्षी थोडा वेळ त्याची पाळी असायची. त्या वर्षी गौरम्मानं त्याला पाळी सोडायला लावली होती, कारण पेलताना दात-ओठ आवळले जातात. पण निदान पाहायला तरी जाऊ दे, असं तो दुपारभर हातांनी विनवत होता. पांढरी बाराबंदी घालून दाराशी बसला, लहान मूल बसतं तसा. शेवटी ती म्हणाली, “चला. पर लांबनं बगायचं.” तिनं त्याच्या ओठावर लोण्याचा थर दिला आणि त्याचंच उपरणं नाकातोंडावरून गुंडाळून मागे गाठ मारली.

मी आणि दुर्गा त्यांच्याबरोबरच होतो. वळणावर आम्ही चौघं उभे राहिलो. गौरम्मा त्याच्या उजव्या हाताला, अगदी चिकटून, आणि तिचा डावा हात त्याच्या छातीपाशी उचललेला. वेळ आलीच तर तोंडावर ठेवता यावा म्हणून.

हलग्या जवळ आल्या. माणसांच्या डोक्यांवरून पहिला ध्वज डुलत आला, आणि तो पेलणारा तिप्पण्णा होता. सिद्रामप्पाच्या पाळीला तोच उभा राहिला होता. आमच्यासमोर येऊन ध्वज क्षणभर थांबला. गौरम्मानं दोन्ही हात जोडून कपाळाला लावले आणि डोळे मिटले.

“एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र!”

सगळा रस्ता ओरडला. पण त्यातून एक आवाज वेगळा निघाला, इतका मोठा की पुढची माणसं मागे वळून हसली. गौरम्मानं डोळे उघडले. सिद्रामप्पाचं उपरणं गळ्यात खाली आलं होतं, दोन्ही हात वर होते, आणि हनुवटीवरून रक्ताची धार बाराबंदीच्या बंदांवर उतरत होती. तो आणखी एकदा ओरडला. मग त्याचं बायकोकडे लक्ष गेलं.

ती रागावली नाही. तिनं पदरानं त्याची हनुवटी टिपली. “मला कळलं न्हाई गं,” तो म्हणाला, “कवा तोंड उगडलं ते.” इतक्या दिवसांत त्यानं तिच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य, आणि तेही हळू आवाजात. भेग पूर्वीपेक्षा खोल उकलली होती.

त्या रात्री भिंतीपलीकडे दिवा होता. दुर्गा लोणी द्यायला गेली तर गौरम्मा म्हणाली, “ठेवा वैनी, हाय अजून,” आणि पुन्हा चिंधी पिळायला बसली. एका रात्रीत ते भरणार नव्हतं, हे तिला आमच्यापेक्षा चांगलं कळत होतं. पहाटे तिनं पीठ घेतलं. चोळताना तिचा हात थांबत थांबत चालला होता.

गिरणी उघडली त्याच दिवशी धोतराच्या पानावर तांबडे ठिपके उठले. जॉबर वाईट माणूस नव्हता. “सिद्राम, मी तरी काय करू?” असं त्यानं दोनदा विचारलं, आणि दोन्ही वेळा सिद्रामप्पानं, “तुमी काय करणार?” असंच उत्तर दिलं. माग बदलीवाल्याकडे गेले. सिद्रामप्पाला गिरणीच्या मागच्या बाजूला, कापडाच्या गाठी बांधायच्या गोदामात टाकलं.

महाशिवरात्रीपर्यंत ओठ बरा झाला. कातडी इतकी साफ आली की भेग कुठं होती ते शोधावं लागे. केराबाई एकदा गौरम्माला म्हणाली, “छान झाला की गं ओठ, नवरदेवावानी.” गौरम्मा “झाला,” म्हणाली आणि घागर उचलून आत गेली.

पुढं एकदा सिद्रामप्पा मला सात रस्त्यावर भेटला. दोघं बरोबरच घराकडे चालत आलो. गोदामात कसं काय, म्हणून मी विचारलं.

“बरं हाय मास्तर. वझं लई, पर बसाय मिळतंय मदी मदी.” आवाज आता बराच खाली आला होता. गोदामात ओरडायची गरज नसते. “भिंतीपलीकडं आमचंच खातं हाय. मी जेवाय भिंतीला टेकून बसतोय. सगळे माग ऐकू येत्यात.”

“तुझे ओळखू येतात?”

 माझ्याशी खोटं बोलावं, असं त्याच्या मनात येऊन गेलं असावं.

“न्हाई,” तो म्हणाला. “सगळ्यांचा मिळून एकच आवाज येतोय.”