उपवास मी मोजलेच नव्हते

"तुमचं शरीर उपाशी आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. मला तर हसूच आलं. खात्यापित्या घरची मी, उपाशी कशी असेन?

पण तीन महिने पाळी आली नव्हती. आधी वाटलं, गोड बातमी! लग्नाला पाच वर्षं झालेली, मुलासाठी जीव टांगणीला लागलेला. घरीच टेस्ट केली. एकच रेघ. आठवड्यानं परत केली, परत एकच. मग पाळी गेली कुठं? काही म्हणता काही कळेना.

वर्षापूर्वी एका दवाखान्यात सांगितलं होतं, मूल हवं तर वजन थोडं कमी करा. थोडं म्हणजे किती, हे मी विचारलंच नाही. माझा स्वभावच असा, हाती घेतलं की अति. हुडकेश्वरला आमच्या घराजवळ रोज सकाळी आठ किलोमीटर धावायची, संध्याकाळी जिम. ट्रेनर म्हणे, अजून जोर लावा. सासूबाई म्हणत, "काहून इतकी धावून राहिली वं? अशानं पोटात काही टिकते का?" मोबाईलवर बघावं तर एक व्हिडिओ म्हणे धावा, दुसरा म्हणे धावू नका. ऐकू तरी कोणाचं? कधी रडत रडत धावायची, पण धावायची.

रक्त, थायरॉईड, सोनोग्राफी, सगळं झालं. कुठंच काही सापडेना. ऐकून उलट रागच आला. मग मला झालंय तरी काय?

शेवटी डॉक्टरबाईंनी विचारलं, "जेवण टाळता का?"

"छे, अजिबात नाही."

खोटं नव्हते बोलत मी. शेजारी बसलेल्या सासूबाई मात्र कौतुकानं म्हणाल्या, "लय गुणाची आहे जी. लेकरासाठी सोमवार धरते, गुरुवार धरते, चतुर्थी, एकादशी. एकच टाइम खाते, पण धावणं चुकवत नाही."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवला. "हे आधी का नाही सांगितलं?"

काय सांगणार? उपवास म्हणजे देवाचं काम. त्याला जेवण टाळणं म्हणतात, हे डोक्यातच आलं नव्हतं.

आजाराचं नाव लांबलचक, फंक्शनल हायपोथॅलॅमिक अमेनोरिया. म्हणजे खाणं कमी आणि कष्ट जास्त झाले की मेंदूला वाटतं दुष्काळ पडला. तो पाळीचा निरोपच पाठवत नाही, बीजही तयार होत नाही. मुलासाठी जे जे केलं, त्यानंच वाट अडवली होती. मला स्वतःचा संताप आला, आणि खरं सांगते, देवाचाही.

"व्यायाम वाईट नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण इतका व्यायाम इतक्याशा खाण्यावर झेपत नाही. सध्या नुसतं चाला, पोटभर जेवा, उपवास बंद."

पहिल्या सोमवारी घास गिळवेना. सासूबाईंनीच भातावर तूप ओतलं. "खाय मुकाट्यानं. देवाले मी सांगीन."

तुमचंही असं चाललं असेल, तर डॉक्टरांना सगळं सांगा, देवाधर्माचंसुद्धा. काय महत्त्वाचं ते आपण ठरवू नये.

पाच महिन्यांनी एका दुपारी पाळी आली. आजवर ती आली की मी बाथरूमचं दार लावून रडायची. त्या दिवशी दार उघडून ओरडले, "आई, आली!" सासूबाई हातातलं पीठ तसंच ठेवून धावल्या आणि मला मिठीच मारली.

मूल अजून नाही. होईल का, डॉक्टरबाईही छातीठोक सांगत नाहीत. पण त्या दिवशी घरात शिरा झाला, आणि मी दोनदा मागून खाल्ला.