मरीमायची खोळ

माझी भावजय भिकुबाई एका जागी बसलेली मी कधी पाहिली नाही. भाकरी थापता थापता ती दोनदा उठून दारात जाऊन येते. कोणी येणार आहे का विचारलं, तर नाही म्हणते. साक्रीच्या बाजारात कांदे विकायला जाते, तिथेही उभ्यानेच विकते, गिऱ्हाइकाला वाटतं हिची बस निघाली आहे. तिचे पाय थांबतात ते फक्त गावाच्या शिवेवर, मरीमायच्या ओट्यापाशी. दर मंगळवारी तेलात शेंदूर कालवून ती तिथल्या दगडावर चढवते. सोळाव्या वर्षी लग्न होऊन आली, तेव्हा आमच्या आईने तिच्या हातात शेंदराची वाटी दिली ती दिलीच. तिची नखं कायमची केशरी आहेत. शेंदरात शिसं असतं, साबणाने हात धुऊन जेवत जा, असं मी तिला किती वर्षं सांगते आहे. ती हो म्हणते आणि पदराला पुसते.

मी धुळ्याच्या कॉलेजात भूशास्त्र शिकवायचे, आता निवृत्त आहे. गेल्या मार्चमध्ये एका सोमवारी सकाळीच तिचा फोन आला.

"अक्का, खोळ हालस."

शेंदराचे थर वर्षानुवर्षं एकावर एक बसले की दगडाभोवती जाड कवच तयार होतं, त्याला आमच्याकडे खोळ म्हणतात. कधीतरी ती आपल्या वजनाने सुटते. सुटली की नदीत सोडायची आणि उघड्या देवीला नवा शेंदूर चढवायचा, अशी रीत आहे. म्हणजे घाबरण्यासारखं काही नव्हतं. तसं मी म्हटलं.

"तुले काय जास सांगाले," ती म्हणाली. "उद्या मंगळवारले पंच बसनार शेतस. मोतीलाल नाना म्हणस, रांडमुंड बाईना हात लागना म्हणून मायनी अंग झटकं."

मग मी दुपारची बस पकडली.

माझा भाऊ वना पंधरा वर्षांपूर्वी गेला. विधवेने देवीला हात लावायचा नाही असं तेव्हा पंचांनी ठरवलं, आणि भिकुबाईची वाटी काढून घेतली. दोन वर्षांनी तिने दुसरी वाटी विकत आणली आणि एका मंगळवारी सरळ ओट्यावर गेली. कोणी अडवलं नाही, कारण कोणी तिकडे फिरकतच नव्हतं. निदान ती तरी असं सांगते. गावात ज्यांचा शब्द चालतो ते मोतीलाल नाना सांगतात वेगळं. त्या दोन वर्षांत दर मंगळवारी त्यांच्या घरून शेंदूर चढला, तेव्हा वहिवाट त्यांची. इतकी वर्षं हे त्यांना आठवलं नव्हतं. आता ओट्याच्या जागी देऊळ व्हायचं आहे, हायवेवरून दिसेल असं, आणि तिथे सेवेला आपली सून हेमांगी बसावी असा त्यांचा बेत आहे. पंचांनी तो मान्य केला, तर भिकुबाईने बाहेरूनच नमस्कार करायचा.

मी पोचले तेव्हा ती ओट्यावर होती. खोळीला वरून खाली भेग गेली होती आणि ही बाई त्या भेगेत बोटाने मेण भरत होती.

"याने काय होणार?" मी विचारलं.

"उद्यापर्यंत धरी राहीन."

"आणि परवा?"

ती उठली, ओट्याला फेरी घातली, परत मेण भरायला लागली. रात्रीही जेवताना तिने तीनदा ताट सोडलं. शेवटी मीच चिडून म्हटलं, सुटू दे एकदाची, तुझ्यामागे पळून माझे गुडघे गेले.

मंगळवारी सकाळी पंच जमले, त्यांच्याबरोबर अर्धं गाव. मोतीलाल नाना पांढऱ्या टोपीत पुढे बसले. भिकुबाई वाटी घेऊन नेहमीसारखी दगडापाशी गेली. तिचा हात लागला आणि मेणासकट खोळ सुटून ओट्यावर पडली. तीन तुकडे झाले.

"मी नही काढी," ती म्हणाली. "ती मन्हा हातमा उनी."

"बघितलं ना सगळ्यांनी?" नाना म्हणाले. "आणखी काय पुरावा पाहिजे?"

मी खाली वाकले ते खरं सांगायचं तर दगड पाहायला. आमच्या भागात जिकडे खणाल तिकडे लाव्हाचा काळा पाषाण. हा मात्र पिवळट, अंगावर आडव्या रेघा, आणि एका कडेला चक्क शिंपले, दगडातच रुतलेले. लाव्हात शिंपले सापडत नाहीत. हा गाळाचा खडक होता. नर्मदेच्या खोऱ्यात असे सापडतात, तिथे लाव्हाच्याही आधी समुद्र शिरला होता. म्हणजे मरीमाय इथली नव्हेच. कोणीतरी सातपुडा ओलांडून तिला उचलून आणली होती.

मी हे मोठ्याने सांगितलं आणि चूक केली.

"म्हणजे देवीबी बाहेरनी शे," मागून कोणीतरी म्हणालं. शेजारची शेवंताबाई लगेच उत्तरली, "मंग काय, गावमा आम्ही बठ्ठ्या सूना बाहेरन्याच शेतस."

बायका हसल्या. नाना नाही हसले. "अक्का, तुमचे शिंपले राहू द्या. खोळीचं बोला."

मग मी खोळीचा तुकडा उचलला. तुटलेल्या कडेवर थर स्वच्छ दिसत होते, कांद्याच्या पाकळ्यांसारखे. आत आईच्या वेळचा गडद तांबडा. त्यावर भिकुबाईचा केशरी, मधूनमधून दिव्याच्या काजळीच्या बारीक काळ्या रेघा. मग एक मातकट पट्टा. त्याच्यावर पुन्हा केशरी.

"नाना, हा दगडही असाच झाला," मी म्हटलं. "पाण्याने आणलेली वाळू आणि शिंपले तळाशी बसले, त्यावर पुढचा गाळ बसला. वरच्या ओझ्याने खालचा दबला, पाण्यातल्या चुन्याने कण एकमेकांना चिकटले. जुनं खाली, नवं वर. गाळ यायचा थांबला की तेही दगडात कळतं. हा मातकट पट्टा पाहा. इथे शेंदूर थांबला आहे, नुसती धूळ बसली आहे. हीच तुमची दोन वर्षं."

"धूळ तर एका वावटळीत बसते. हायवेचं काम चाललं होतं तेव्हा घराघरात बोटभर बसायची," नाना म्हणाले. "आम्ही शेंदूर चढवला तो धुळीत मिसळला असेल. पट्ट्यावर वर्षं लिहिली आहेत का?"

म्हातारा बरोबर बोलत होता. थर किती जाड आहे यावरून तो बसायला किती काळ लागला हे सांगता येत नाही, हे मीच पोरांना घसा कोरडा करून शिकवत आले होते. पंचांपैकी एकाने घड्याळात पाहिलं. भिकुबाई वाटी या हातातून त्या हातात घेत होती.

मग ती पुढे आली, माझ्या हातातला तुकडा ओढला, उन्हाकडे धरला आणि मातकट पट्ट्यातल्या फुगीर जागेवर नख मारलं. वरचा केशरी टवका उडाला. खाली मातीचं छोटं घर निघालं, दोन खोल्यांचं, दोन्ही भोक पडून रिकाम्या. कुंभारीण माशी खिडकीच्या कोपऱ्यात बांधते तसं.

शेवंताबाईने तुकडा हातात घेऊन नीट पाहिला, शेजारणीला दाखवला आणि म्हणाली, "नाना, हाई घर तुमनी सूननी बांधं का?"

हसू एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेलं. नानांची सून हेमांगीही पदर तोंडाला लावून हसत होती, हे मी पाहिलं.

"दर मंगळवारले हात फिरता," शेवंताबाई म्हणाली, "ते माशी घर कशी करती? पिलं उडी गयात तरी कोनले पत्ता नही."

नाना म्हणाले, एखाद्या मंगळवारी राहिलं असेल. पण आवाज खाली आला होता. ज्या पंचाने घड्याळ पाहिलं होतं तो उठला आणि म्हणाला, "देऊळ होऊ द्या. वाटी भिकुबाईच्या हातात आहे, ती राहू द्या. ऊन वाढलं." एवढाच निकाल.

मला त्या शिंपल्यांचे फोटो काढायचे होते. मी पिशवीत चष्मा शोधते आहे तोवर भिकुबाईने बोटं बुडवली आणि पहिला हात फिरवलासुद्धा.

"अगं थांब ना, पाच मिनिटं."

"तुना शिंपला आठेच राहतीन," ती म्हणाली, इथून ते कुठे जाणार अशा थाटात, आणि दुसरा हात फिरवला. शिंपल्याच्या खोलगट जागेत तिचा अंगठा नेमका बसला. पाच मिनिटांत सगळं केशरी झालं. शेंदूर चढलेल्या देवीला आता तो खरवडायला कोण हात लावणार? भिकुबाईने हे ओळखूनच घाई केली होती.

दुपारी आम्ही दोघी खोळ सोडायला नदीवर गेलो. पाणी घोट्याइतकंच होतं. तिने पदरातून तुकडे काढून एकेक करून गाळात दाबले. ओट्यावर मी तीन मोजले होते, इथे दोनच निघाले; माशीच्या घराचा त्यांत नव्हता.

"तिसरा कुठे?"

"घर शे."

"देवाची खोळ घरात ठेवत नाहीत, तूच सांगतेस."

ती केव्हाच काठ चढायला लागली होती. मागे न बघता म्हणाली, "नाना अजून जित्ता शे, अक्का."