काचेच्या आत आई, बाहेर जावई

वाळूजच्या नव्या कारखान्यातली नोकरी पक्की झाली तेव्हा ह्यांनी हौसेनं एक जुनी मोटार घेतली. पावसाळ्यात कळलं, की तिची पुढची काच गळते. बाहेर पाऊस थांबला तरी आत माझ्या मांडीवर ठिबकत राहायचं. दर रविवारी हे थेंब पडेल तिथं काळा चिकट मसाला लिंपायचे आणि पुढच्या पावसात मी पुन्हा भिजायचे. वर म्हणायचे, "बायको फुकटात धुऊन निघते!"

त्याच दिवसांत आई कन्नड तालुक्यातल्या गावाहून आमच्याकडं पडेगावला आली होती. वडील गेल्यापासून ती एकटीच राहायची आणि हल्ली चक्कर येऊन पडायची. म्हणून मी तिला रोज इथंच राहा म्हणायचे. पण लेकीच्या घरी राहायचं नसतं, हे तिच्या डोक्यात घट्ट बसलेलं. विद्यापीठाच्या नामांतराच्या सत्याग्रहात हर्सूलच्या तुरुंगात जाऊन आलेली बाई ही!

"जेलात राहायला चालतं, माझ्याकडं नाही?" मी चिडून विचारायचे.

"जेल सरकारचा हाय. सरकार काय माझा जावई हाय व्हय?"

मोर्चात पोलिसांसमोर गळा फाडून घोषणा देणारी आई जावयापुढं मात्र पदर ओढून गप्प बसायची. सासूनं जावयाशी तोंडानं बोलायचं नाही, ही तिच्या माहेरची जुनी रीत. हेही तसे भिडस्त. दोघांचा सगळा कारभार माझ्यामार्फत चालायचा आणि मला त्याचा मनस्वी कंटाळा यायचा.

नामांतरावरून बंद होता, एसटी निघत नव्हती, म्हणून ती थांबलेली. सोमवारी पहिल्या गाडीनं जाणार, हे ठरलेलं.

रविवारी हे म्हणाले, "पाणी शिरतंय एकीकडून आणि पडतंय दुसरीकडं. आत बसून कुणीतरी बघायला पाहिजे."

"मी बसते, असं त्यांना सांग," आई म्हणाली. रिकामं बसणं तिला कधीच जमलं नाही.

मी आतून काचेच्या रबराच्या कडेनं तोंडाला लावायची पावडर फासली, म्हणजे पाणी आलं की ओघळ दिसेल. आई पुढच्या सीटवर बसली. हे बाहेरून तांब्यानं सावकाश पाणी सोडू लागले, आधी खालच्या कडेला, मग वर वर. मी मोटारीच्या दाराशी.

"त्यांना सांग, इथं कोरडं हाय."

"अहो, इथं कोरडं आहे."

ह्यांना सगळं ऐकू जात होतं, पण मी सांगेपर्यंत तांब्या पुढं सरकायचा नाही. तेवढ्यात दूध जळल्याचा वास आला आणि मी घरात पळाले.

स्टोव्ह बंद करते तोच आईचा आवाज आला. थेट मोर्चातला.

"ओ पाव्हणं! थांबा, थांबा! वरच्या कोपऱ्यातून आलं! व्हय, तिथूनच!"

खिडकीतून बघते तर आईचा पदर खांद्यावर आणि बोट काचेवर. बाहेरून ह्यांचंही बोट तिथंच. पाणी वरच्या कोपऱ्यात शिरून रबराच्या आडून खाली उतरत होतं. मी मुद्दामच बाहेर गेले नाही. दोघांचं बोलणं चालू आहे, हे बघून मला इतकं बरं वाटत होतं, की जळकं भांडं घासताना मी गुणगुणायला लागले.

ह्यांनी तिथलं रबर उचलून जागा कोरडी केली, मसाला भरला, रबर दाबून बसवलं. दुपारी तो वाळल्यावर आई पुन्हा आत बसली आणि ह्यांनी काचेवर बादली रिकामी केली.

"मामी, भिजलात का?"

"नाय. एक टिपूस नाय आला."

"मग राहा की आता इथंच. गावाकडं एकट्या कशाला राहता?"

आई पदरानं रबरावरची पावडर पुसायला लागली. मी घरातून कान देऊन ऐकत होते.

संध्याकाळी मी भाकरीला बसले तेव्हा ती माझ्याजवळ येऊन बसली आणि लसूण सोलायला लागली. "उद्या नाय जात मी," म्हणाली. "जावयाचा शब्द कसा मोडायचा?"

"आणि मी इतके दिवस घसा कोरडा करत होते, त्याचं काय?"

"तुझी ती लेकीची माया गं. घर त्यांचं हाय. त्यांनी एकदा तरी म्हणावं, म्हणून वाट बघत होते."

घर माझंही आहे, हे अगदी ओठांवर आलं होतं. राग तर खरंच आला होता. पण ती राहणार होती. मी मुकाट्यानं परातीत आणखी पीठ घेतलं.