माईक ओसरीवरच राहिला

"लांबूनच म्हण गं. माईकला तोंड लावू नको."

बापूसाहेब ओसरीवरून बोलले. आवाज चढवला नाही. त्यांना तो कधी चढवावा लागलाच नव्हता.

आत्या खाली अंगणात उभी. दुपारचं ऊन. माईक वर, ओसरीच्या कडेला, पाटावर फडक्याची घडी करून तिच्यावर ठेवलेला. त्याची वायर चांगली चार हात लांब होती. अंगणात सहज पोचली असती. ती गुंडाळून टेपरेकॉर्डरशेजारी ठेवली होती. आम्ही आठ-दहा जण सतरंजीवर, हातात कपबश्या.

ती आली तेव्हा बापूसाहेबांनी एकच विचारलं होतं, "कुणाची गं तू?"

"वड्यापल्याडची हाय, सायेब."

तेवढं पुरलं. माईक कुठं ठेवायचा ते ठरलं.

आत्या गायली. भाताच्या लावणीत ती स्वतः गाणी जुळवायची, त्यातलंच एक. 'चिखल माझ्या पायाला, तांदूळ तुझ्या वाड्याला.' ओसरीवर माना डोलल्या. शब्द कुणाला टोचले नाहीत. दोन कडव्यांच्या मध्ये ती थांबली, तेव्हा लवळ्याचे गुरुजी माझ्याकडं वळले.

"नांदेकर, तुमच्याच गावची ना ही? ओळखीची आहे का?"

"छे हो," मी म्हणालो. "येते आमच्याकडं कामाला."

आणि हसलो.

ती माझी सख्खी आत्या. बापाची बहीण. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो. तेव्हापासून तिच्या कडेवर वाढलो.

गाणं संपलं. तिचं नाव कुणी विचारलं नाही. तिनं माईकला हात लावला नव्हता, तरी बापूसाहेबांनी तो फडक्यानं पुसला. आत्यानं सगळ्यांना हात जोडले. मलाही. "येते सायेब," म्हणाली आणि गेली.

या गोष्टीला पंधरा वर्षं झाली. पंधरा वर्षं मी ती अर्धी सांगत आलो. आज पुरी सांगतो.

नांद्यात आमची वस्ती ओढ्यापलीकडं. आम्ही तिला बौद्धवाडा म्हणतो, गाव अजून जुन्या नावानं ओळखतं. सातवीनंतर मी पुण्यात वसतिगृहात राहून शिकलो आणि परत आलो ते पिरंगुटजवळच्या एका कारखान्यात स्टोअर क्लार्क म्हणून. इस्त्रीची पँट, बोलणं पुण्याचं. आसपासच्या गावांत माझं तोंड कुणी ओळखत नव्हतं. ते मला बरं वाटायचं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटायचं.

आणि मला गाण्याचं वेड होतं. वसतिगृहात एक रेडिओ होता, त्यानं लावलेलं.

तेव्हा आमच्या भागात एक फिरती वही होती. जाड, कापडी पुठ्ठ्याची. घोटावड्याच्या बापूसाहेबांनी सुरू केलेली. ते मोठे बागाईतदार, पुण्यात शिकून आलेले. टेपरेकॉर्डर फक्त त्यांच्याकडं आणि पौडच्या अमीरभाई टेलरकडं. वही दुधाच्या टेम्पोतून फिरायची. घोटावडे, लवळे, नांदे, पिरंगुट, पौड. ज्याच्याकडं आली त्यानं आठवड्यात काय ऐकलं, कोण गायक आवडला, का आवडला, ते लिहायचं आणि टेम्पोवाल्याकडं परत द्यायची. पुढच्या गावातला त्याच्याखाली उत्तर लिहायचा.

कुणी लिही, "परवा रेडिओवर एक नवी मुलगी ऐकली. आवाज ताजा, ताकासारखा." त्याखाली दुसऱ्याच्या अक्षरात, "ताक पिऊन आम्हांस झोप लागली." त्याखाली तिसरा, "आपले कान आधी धुवून घ्यावेत, मग मत द्यावे." कुणी पुण्यात हॉटेलात ऐकलेल्या परदेशी पोरांच्या तबकडीवर दोन पानं लिहिली. एक शब्द कळला नव्हता, पण दोन पानं! अमीरभाई वहीत दोनच ओळी लिहायचे, पण सगळे त्यांची वाट बघायचे. माणसं एकमेकांना महिनोन्‌महिने न बघता भांडायची, समजूत काढायची. शिफ्ट संपली की मी टेम्पोची वाट बघत उभा राहायचो. आयुष्यात पहिल्यांदा माझं मत कुणीतरी वाचत होतं आणि त्याखाली लिहीत होतं, "नांदेकरांशी सहमत."

नांदेकर. लेखाखाली आडनाव लिहायची रीत होती. माझं आडनाव लिहिलं असतं तर वस्ती कळली असती. मी गावाचं नाव लावलं. कुणी खोदून विचारलं नाही. बापूसाहेबांकडं वहीवाल्यांची बैठक भरायची, तिथं गेलो तर थेट ओसरीवर बसवलं. कपबशी हातात आली.

मग मला अवदसा आठवली. एकदा वहीत लिहिलं, "आमच्याकडे एक बाई आहे. भातलावणीच्या वेळी स्वतः गाणी रचते. रेडिओवरच्या कुणाहून उणी नाही. तिला कुणी ऐकलेले नाही, हे आपले दुर्दैव." चार गावांतून उत्तरं आली. शेवटी बापूसाहेबांच्या लफ्फेदार अक्षरात, "पुढच्या बैठकीस घेऊन यावे. टेप करू."

'माझी आत्या' असं मी लिहिलं नव्हतं. 'एक बाई' असं लिहिलं होतं. सुरुवात तिथंच झाली.

आदल्या दिवशी मी आत्याला म्हणालो, "तिथं मला नावानं हाक मारू नको. ओळख दाखवू नको."

ती भाताचं रोप मोकळं करत होती. हात थांबले नाहीत.

"का रं?"

"तिथली माणसं वेगळी हायेत."

"आन तू?"

मी सायकलचं चाक बघायला लागलो. मग तीच म्हणाली, "बरं. न्हाई मारत." दुसऱ्या दिवशी मी सायकलवर गेलो. ती चालत आली.

मला दोन्ही पाहिजे होतं. आत्याच्या गळ्याची वाहवा पाहिजे होती आणि ओसरीवरची जागाही. दोन्ही मिळालं.

तीन आठवड्यांनी पौडला अमीरभाईंच्या दुकानात गेलो. पँट शिवायला टाकली होती. अमीरभाईंचे वाडवडील पौडचेच. कुळवाड्यांच्या लग्नाचे कपडे त्यांच्या आजोबांच्या हातचे. बापूसाहेबांनी त्यांच्याकडं कॅसेट पाठवली होती, आणखी चार काढून द्या म्हणून.

"बसा. तुमच्या बैठकीचंच हाय," म्हणत त्यांनी बटण दाबलं.

आधी कपबश्या वाजल्या. मग कुणाचा तरी खोकला, अगदी कानात खोकल्यासारखा. सतरंजी सरकवल्याचा आवाज. आणि या सगळ्याच्या पलीकडं, लांब, विहिरीच्या तळातून यावा तसा आत्याचा आवाज. शब्द उमटत नव्हते. जी बाई चार खाचरं ओलांडून ऐकू जायची, ती तिथं कुजबुजल्यासारखी झाली होती.

मग एक आवाज आला. स्वच्छ. जवळून.

"छे हो. येते आमच्याकडं कामाला."

आणि हसणं.

अमीरभाईंनी मशीनवरचा पाय थांबवला. माझ्याकडं बघितलं. नांद्याला त्यांचं येणंजाणं होतं. त्यांना सगळं ठाऊक असणार, आधीपासूनच.

"आवाज लई स्पष्ट आलाय," एवढंच म्हणाले. पुन्हा पाय मारायला लागले. निघताना एक कॅसेट माझ्या हातात ठेवली. पैसे घेतले नाहीत.

त्याच आठवड्यात वही आली. बापूसाहेबांनी लिहिलं होतं, "या वेळची ठेव: अनामिक ग्रामीण स्त्रीचे लोकगीत. शोध व ध्वनिमुद्रण," आणि पुढं स्वतःचं नाव, वडिलांच्या नावासकट. खाली चार गावांची शाबासकी. 'बापूसाहेब, आपले कान धन्य.' 'आवाज अंमळ क्षीण वाटतो, पण अस्सल.'

क्षीण! माझ्या आत्याचा आवाज क्षीण!

तिथं माझं टाळकं सरकलं. कारखान्यातून तसाच घरी आलो आणि लिहायला बसलो. पानभर लिहिलं. गाणाऱ्या बाईला नाव आहे. अनसूया. ते तिच्या बापाच्या नावासकट आणि आडनावासकट लिहिलं. ती अंगणात का उभी होती ते लिहिलं. वायर किती लांब होती ते लिहिलं. माईक कशानं पुसला ते लिहिलं. ती माझी आत्या आहे, मी नांदेकर नाही, मी ओढ्यापलीकडचा, हे माझं खरं नाव. खाली सही.

वही टेम्पोत दिली नाही. रविवारी स्वतः घोटावड्याला घेऊन गेलो. बैठक भरली होती.

"या, या नांदेकर! वर या."

"नको. हितंच बरा हाय."

आत्या जिथं उभी होती तिथं उभा राहिलो आणि पान वाचलं. मोठ्यानं. मध्ये थांबलो नाही. वर कपबश्या वाजायच्या थांबल्या.

बापूसाहेब उठून उभे राहिले. "अहो, तुम्ही हे... म्हणजे तू त्यांच्यातला? आणि इतके दिवस वर बसून चहा पीत होतास?"

"व्हय. तुमच्याच कपातनं. आता सगळेच फोडा, कुठला माझा व्हता ते मलाबी ठावं न्हाई."

वही पायरीवर ठेवली आणि वळलो. बापूसाहेबांचा गडी पाठीमागून शिव्या देत फाटकापर्यंत आला. मी मागं बघितलं नाही.

ते पान फाडलं गेलं, असं पुढं कळलं. टेम्पो नांद्याला थांबेनासा झाला. गुरुजींचं एक कार्ड आलं: "आपण लिहिलेले खरे असेल, परंतु वही संगीतासाठी आहे." मी उलट कार्ड टाकलं, "मी संगीताबद्दलच लिहिले होते. माईक कुठे ठेवला होता हा संगीताचाच प्रश्न आहे." त्याला उत्तर आलं नाही.

वस्तीत मात्र माझं नाव झालं. पोरं मला ते कपाचं वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायला लावायची. मी म्हणायचो. रंगवून म्हणायचो.

पण त्या पानावर मी एक गोष्ट लिहिली नव्हती. माझं वाक्य. बापूसाहेबांचं प्रत्येक वाक्य शब्दन्‌शब्द उतरवलं होतं, माझं गाळलं. 'हाक मारू नको' हे गाळलं. सायकल गाळली. माईक पुसणाऱ्याला मी अंगणात उभं केलं आणि स्वतः मात्र वरच बसून राहिलो.

ते वस्तीत फक्त आत्याला ठाऊक होतं. मी वाचून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "समदं वाचलंस म्हनं."

"व्हय."

"आन तुजं?"

तिनं पुन्हा कधी विचारलं नाही. माझ्यादेखत ती पुन्हा कधी गायलीही नाही. लावणीत मी बांधावर आलो की तिचं गाणं थांबायचं, बाकीच्या बाया पुढं ओढायच्या. पंधरा वर्षं. रेडिओवर कुणीही गाऊ दे, मला मधे तो थांबलेला आवाज ऐकू येतो.

आता वस्तीतल्या पोरांनी वर्गणी काढून समाजमंदिर बांधलंय. येत्या रविवारी उद्घाटन. गेल्या आठवड्यात चौघं घरी आली. "काका, तुमचा सत्कार करायचा ठरलाय. बापूसायबाच्या अंगनात तुमी कसं वाचलंत ते आमच्या पोरांस्नी कळाया पायजे. स्पीकर आनलाय, माईक आनलाय."

ते गेले आणि मी आत्याच्या दारात जाऊन बसलो. ती आता साठीच्या पुढं. तांदूळ निवडत होती. मी म्हणालो, "आत्या, माझं चुकलं. त्या दिवशी मी..."

तिनं हात वर केला. "मला नगं सांगू."

"पन मला सांगायचंय."

"चारचौघांत म्हनलास न्हवं का? मंग चारचौघांत सांग. हितं चुलीम्होरं कशाला आलायास? हितं मी एकलीच हाय. मला ठावंच हाय की." सूप झटकलं. "लई हुशार हायेस. शिव्या माईकात, आन माफी चुलीम्होरं."

पंधरा वर्षांत ती माझ्याशी एवढं सलग बोलली नव्हती.

बापूसाहेबांनी तिला अंगणात उभं केलं, कारण त्यांना तेच शिकवलेलं. ते मी माफ करत नाही, कधी करणार नाही. पण मला ते कुणी शिकवलं नव्हतं. तिच्या कडेवर वाढलेला मी ते एका कपबशीसाठी शिकलो. आमच्यातून शिकून वर गेलेल्या कितीजणांच्या ओठांवर ते वाक्य आहे, मला ठाऊक आहे. येते आमच्याकडं कामाला. आईबद्दल म्हणतात, भावाबद्दल म्हणतात. हसून म्हणतात.

कॅसेट माझ्याकडं अजून आहे. काल अमीरभाईंकडून साफ करून आणली. पोरांना सांगून टाकलंय, हार आणू नका. आधी कॅसेट लावायची, मग मी बोलणार, मग तुम्हाला काय म्हणायचं ते म्हणा. थोरला पोरगा गोंधळला. "काका, कॅसेटीत काय हाय?" म्हणाला. मी म्हणालो, "रविवारी ऐक."

दुसरी गोष्ट ठरलीय. माईक आत्याच्या हातात द्यायचा. टेबलावर नाही, स्टँडवर नाही. हातात. गायचं की मला शिव्या द्यायच्या की नुसतं धरून बसायचं, ते ती ठरवेल. तिनं यावं असंही मी म्हणालेलो नाही. खुर्ची तेवढी पुढं मांडणार आहे.

आणि त्या मंदिरात यापुढं कुणीही गाऊ दे, गाणाऱ्याचं नाव आधी पुकारायचं, पुरं, आडनावासकट. मी जिवंत आहे तोवर त्यात सूट नाही.

रविवारी कपबश्या वाजतील, खोकला येईल, आत्याचा आवाज लांबून येईल. मग माझा येईल. सगळ्या वस्तीसमोर, जवळून, स्वच्छ. टेप बंद करायचं बटण माझ्याच हाताखाली असेल.

मी ते दाबणार नाही.